स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल हातात आला, आता तो वाचायचा कसा?

इमारतीच्या मजबुतीची तपासणी, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट झालं की सोसायटीच्या ऑफिसात शंभर-सव्वाशे पानांची स्पायरल बाइंडिंगची फाइल येते. कमिटीतले दोघं-तिघं ती चाळतात, शेवटच्या पानावरचा ‘सी-२बी’ असा धोक्याचा वर्ग आणि दुरुस्तीच्या खर्चाचा आकडा वाचतात, तेवढंच ग्रुपवर पडतं आणि भांडण सुरू होतं. मधल्या ऐंशी पानांकडे कुणी बघतच नाही. खरं तर शेवटच्या पानावरचा निष्कर्ष त्या मधल्या पानांतूनच निघायला हवा. तो तसा निघतो का, हे तपासायला इंजिनिअर असावं लागत नाही. पाच-सहा आकड्यांचा अर्थ ठाऊक असला आणि एक दुपार काढायची तयारी असली की भागतं.

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. शिवाय ३० वर्षं उलटली की मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३-बी खाली स्थैर्याचं प्रमाणपत्र पालिकेला द्यावं लागतं. ऑडिट करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर पालिकेचा परवानाधारक आहे का, त्याचा परवाना क्रमांक आणि सही-शिक्का अहवालावर आहे का, आणि तो परवाना त्या तारखेला चालू होता का, एवढं पहिल्याच पानावर बघून घ्या.

सुरुवात फ्लॅटच्या यादीपासून

अहवालात कुठेतरी फ्लॅटनिहाय पाहणीचा तक्ता असतो. कुठल्या खोलीत काय दिसलं, कुठे ओल, कुठे तडा, कुठे सळई उघडी, हे त्यात लिहिलेलं असतं. आधी एवढंच मोजा: एकूण फ्लॅट किती, आणि प्रत्यक्षात आत जाऊन पाहिले किती? २४ पैकी ९ फ्लॅटपुढे ‘बंद’ लिहिलं असेल तर इमारतीचा तिसऱ्या हिस्स्याहून अधिक भाग कुणी पाहिलेलाच नाही. असा अहवाल अपुरा आहे. त्या सभासदांना लेखी कळवून पुन्हा पाहणी करून घ्या, आणि बंद फ्लॅट वरच्या मजल्यावर किंवा गळतीच्या रांगेत असतील तर ती पाहणी झाल्याशिवाय अहवाल स्वीकारू नका.

याच तक्त्यात आतल्या बदलांची नोंद हवी. कुणी भिंत पाडली, कुणी बाथरूमची जागा बदलली, कुणी बाल्कनी घरात घेतली, कुणी गच्चीवर टाक्या चढवल्या, हे सगळं त्यात यायला हवं. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होतं. ज्या अहवालात असा एकही बदल नोंदलेला नाही, तो तीस वर्षांच्या इमारतीचा असेल तर नीट पाहणी झाली का, अशी शंका घ्यायला जागा आहे.

आता नकाशा. प्रत्येक कॉलमला नंबर आहे का, आणि चाचण्या कुठल्या कॉलम-बीमवर घेतल्या त्या जागा नकाशावर खुणावल्या आहेत का, ते बघा. ‘तळमजला, कॉलम’ एवढंच लिहून पुढे आकडे दिले असतील तर तीन वर्षांनी तीच जागा कुणाला सापडणार नाही, आणि तुलना करायची सोयच उरणार नाही. खुणावलेल्या जागा कुठल्या आहेत, तेही महत्त्वाचं. सगळ्या चाचण्या जिन्यात आणि पार्किंगमध्ये, हात सहज पोचतो तिथेच घेतल्या असतील, आणि डक्टमधल्या, संडास-बाथरूमच्या खालच्या, टाकीखालच्या एकाही बीमवर नसेल, तर इमारतीची सगळ्यात आजारी जागा तपासायची राहिली आहे.

तडा कुठला आणि कसा

फोटोंच्या पानांवर लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि बहुतेक वेळा चुकीच्या फोटोला. बीमच्या खाली, भिंत आणि बीम जिथे मिळतात तिथे आडवी सरळ रेघ गेलेली असते. वीट आणि काँक्रीट तापमानाने कमी-जास्त फुगतात, म्हणून ती पडते. बाहेरच्या भिंतीला असेल तर तिथून पाणी शिरतं, एरवी तिची भीती नाही. प्लास्टरवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगाही सहसा प्लास्टरच्याच असतात.

कॉलमवर सळईच्या रांगेत उभा गेलेला तडा मात्र गंभीर असतो. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते. ती जागा मिळवायला गंज काँक्रीटला आतून फोडतो, आणि तडा सळईच्या लांबीने धावतो. बाहेरून रेघ दिसते तेव्हा आतली सळई बराच काळ गंजत आलेली असते. स्लॅबच्या खालून पोपडे पडून सळयांची जाळी दिसणं हा याच आजाराचा पुढचा टप्पा. बीमच्या टोकाला, कॉलमजवळ तिरका तडा असेल तर तो फोटो इंजिनिअरपुढे ठेवून थेट विचारा: हा भाराचा आहे, खचण्याचा आहे की गंजाचा? तिन्हींचा उपाय वेगळा असतो. ०.३ मिमीपेक्षा रुंद तड्यांची रुंदी मोजून लिहिलेली हवी. ‘मोठा तडा’ ही नोंद कामाची नाही.

चाचण्यांचे आकडे

*रिबाउंड हॅमर.* स्प्रिंगचा हातोडा काँक्रीटवर आपटून तो किती उसळतो ते मोजतात. तो फक्त पृष्ठभागाचा कणखरपणा सांगतो. प्लास्टर काढून, काँक्रीट घासून गुळगुळीत केल्याशिवाय घेतलेलं रीडिंग व्यर्थ आहे, म्हणून चाचणीचा फोटो बघा: हातोडा प्लास्टरवर टेकवलेला दिसतोय का? जुन्या इमारतीत आणखी एक फसगत होते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची वरची पापडी कडक होते, त्यामुळे आतून कमजोर असलेला कॉलमही हातोड्याला चांगला आकडा देतो. एकट्या रिबाउंड हॅमरवर सबंध इमारतीचा निकाल दिला असेल तर तो अहवाल परत पाठवा.

*अल्ट्रासोनिक पल्स, म्हणजे यूपीव्ही.* काँक्रीटमधून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते मोजतात. आत पोकळी, तडा, भुसभुशीतपणा असेल तर लहर वळसा घालून जाते आणि वेग घटतो. बहुतेक अहवाल आयएस १३३११ या भारतीय मानकाची १९९२ ची जुनी पट्टी लावतात: सेकंदाला ४.५ किमीच्या वर उत्कृष्ट, ३.५ ते ४.५ चांगलं, ३ ते ३.५ मध्यम, ३ च्या खाली शंकास्पद. तक्त्यात ‘डायरेक्ट’ की ‘इनडायरेक्ट’ हा रकाना शोधा. दोन्ही बाजूंनी यंत्र लावून घेतलेलं रीडिंग डायरेक्ट. एकाच बाजूने घेतलं तर वेग मुळातच कमी येतो, म्हणून दोन्ही प्रकारचे आकडे एकाच तक्त्यात मिसळून सरासरी काढली असेल तर ती सरासरी धरू नका.

*कार्बोनेशन.* हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये किती खोल शिरलाय ते बघतात. काँक्रीटला छोटं भोक पाडून किंवा कपचा काढून फिनॉल्फ्थॅलीनचं द्रावण शिंपडतात. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे, सळईला त्याचं संरक्षण आहे. रंग आला नाही तेवढी खोली कार्बोनेट झालेली. हा आकडा एकटा वाचायचा नाही, शेजारी *कव्हर* ठेवून वाचायचा. कव्हर म्हणजे सळईवर असलेली काँक्रीटची जाडी. कॉलमचं कव्हर ४० मिमी असायला हवं, जुन्या इमारतींत ते २०-२५ सुद्धा सापडतं. कार्बोनेशन १५ आणि कव्हर ३० असेल तर सळईला अजून अवधी आहे. कार्बोनेशन ४० आणि कव्हर २५ असेल तर सळईचं कवच गेलं.

*हाफ-सेल पोटेन्शियल.* सळई गंजते आहे का, याचा विजेच्या भाषेतला अंदाज. आकडे मिलिव्होल्टमध्ये आणि ऋण असतात. उणे २०० च्या आत, म्हणजे उणे १५०, उणे १८० असे आकडे आले तर गंज नसण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. उणे ३५० च्या पलीकडे, म्हणजे उणे ४००, उणे ४५० असे आले तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. मधलं काही सांगता येत नाही. या चाचणीसाठी एक सळई उघडी करून तिला वायर जोडावी लागते. तो जोड फोटोत दिसत नसेल तर विचारा. आणि हेही लक्षात ठेवा की ही चाचणी गंज आहे का ते सांगते, सळई किती झिजली ते सांगत नाही. ते बघायला काँक्रीट फोडून सळई घासून व्हर्नियर कॅलिपर लावावा लागतो. १६ मिमीची सळई १४ भरली तर ऐकायला दोनच मिमी वाटतात, पण सळईचं क्षेत्रफळ जवळपास चौथ्या हिश्शाने घटलेलं असतं.

*कोअर.* काँक्रीटचा गोल तुकडा कापून प्रयोगशाळेत दाबून फोडतात. सगळ्यात भरवशाची चाचणी हीच, आणि महाग म्हणून सगळ्यात कमी केली जाणारीही हीच. आयएस ४५६ नुसार तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. इथे ‘अपेक्षित’ म्हणजे काय धरलंय ते तपासा. सत्तर-ऐंशीच्या दशकात एम-१५ काँक्रीट, म्हणजे चौरस मिमीला १५ न्यूटन ताकदीचं, सर्रास वापरलं जायचं. आरसीसीसाठी किमान एम-२० ची अट २००० च्या आयएस ४५६ ने घातली. एम-१५ च्या इमारतीला सरासरी १२.७५ आली तरी ती त्या काळच्या कसोटीत बसते. तिला आजच्या एम-२५ च्या पट्टीने मोजून नापास ठरवलं असेल तर तो निष्कर्ष लपवाछपवीचा नसला तरी चुकीचा नक्कीच आहे.

दोन ओळी एकत्र वाचून बघा

समजा तक्त्यात स्टिल्टमधल्या, म्हणजे खालच्या मोकळ्या पार्किंगमधल्या कॉलम ७ ची ओळ अशी आहे: रिबाउंड ३४, यूपीव्ही २.७, कार्बोनेशन ४५ मिमी, कव्हर ३० मिमी, हाफ-सेल उणे ४१०. वरवर बघणारा ३४ हा चांगला आकडा बघून समाधान मानेल. पण पृष्ठभाग कडक झालाय तोच कार्बोनेशनमुळे. लहर २.७ ने जातेय म्हणजे आत भेगा किंवा पोकळी आहे, कार्बोनेशन सळईच्या १५ मिमी पलीकडे गेलंय, आणि हाफ-सेल सांगतोय की गंज चालू आहे. चारही आकडे एकच गोष्ट बोलतात. हा कॉलम फोडून बघायलाच हवा, आणि त्याआधी त्याला टेकू लागले पाहिजेत.

दुसरी ओळ, तिसऱ्या मजल्यावरचा बीम: रिबाउंड २८, यूपीव्ही ३.७, कार्बोनेशन १५, कव्हर २८, हाफ-सेल उणे १८०. फोटोत याचं प्लास्टर निघालेलं, दिसायला भयंकर. पण काँक्रीट ठीक आहे, सळई शाबूत आहे. प्लास्टर पुन्हा केलं की काम झालं.

आता अहवालाने या दोघांना काय उपचार सांगितलाय ते बघा. दोघांना सरसकट ‘जॅकेटिंग’ (म्हणजे भोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं वेष्टण) लिहिलं असेल, तर इंजिनिअरने आपलेच आकडे वाचलेले नाहीत.

वर्ग: सी-१ ते सी-३

मुंबई महापालिकेची ही वर्गवारी आता इतर शहरांतही वापरली जाते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा पाडून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना करता येणारी रचनात्मक दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

या वर्गावरून सोसायट्या फुटतात, कारण दोन्ही बाजूंना हवा तो वर्ग ठरलेला असतो. पुनर्विकास हवा असलेल्यांना सी-१ हवा असतो, खर्च टाळायचा असलेल्यांना सी-३. दोघांचंही नुकसान होतं. पुनर्विकासाला सी-१ ची गरजच नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-ए खालच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांच्या संमतीने, ठरलेल्या पद्धतीने तो निर्णय घेता येतो. उलट ओढूनताणून आणलेल्या सी-१ मुळे माणसांना घरं रिकामी करायची नोटीस येते, तेही पर्यायी घराची सोय व्हायच्या आत. आणि खरोखरीच्या सी-१ ला सी-३ म्हणवून घेणं म्हणजे खाली झोपलेल्या माणसांच्या जिवाशी खेळ. दोन ऑडिटरचे अहवाल एकमेकांविरुद्ध गेले तर मुंबईत प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातं. तिथेही शेवटी हेच आकडे बघितले जातात.

आधी पाणी, मग काँक्रीट

अहवालात दुरुस्तीचा क्रम दिलेला नसेल तर तो मागून घ्या. गंजाला पाणी लागतं. पाणी बंद न करता केलेली काँक्रीटची दुरुस्ती दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा फुगते. गच्ची, बाहेरच्या भिंती, डक्टमधले पाइप, बाथरूमचे संक (फरशीखालचा खोलगट भाग) आणि टाक्या हे आधी, बीम-स्लॅब त्यानंतर. अपवाद फक्त टेकूंचा: धोक्याच्या कॉलम-बीमला टेकू पहिल्या दिवशीच.

गच्चीबाबत एक चूक फार दिसते. जुना ब्रिकबॅट, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा गळतो म्हणून त्याच्यावरच दुसरा थर टाकतात. १० सेंमी जाडीच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला साधारण १८० ते २०० किलो भरतं. लोक वावरतात अशा गच्चीसाठी डिझाइनमध्ये धरलेला वावराचा भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो असतो. म्हणजे गच्चीवर कायमची गर्दी उभी करून ठेवल्यासारखं होतं. जुना थर काढूनच नवा करायचा.

गळतीचा खर्च कुणाचा, हा वाद अहवालातल्या तक्त्यावरूनच मिटवता येतो. उपविधींप्रमाणे संडास, बाथरूम, सिंक यांच्यामुळे होणारी आतली गळती संबंधित सभासदांनी करून घ्यायची. गच्चीतून किंवा बाहेरून येणारं पावसाचं पाणी आणि त्याने झालेलं नुकसान सोसायटीने. म्हणून प्रत्येक ओलीपुढे तिचा उगम लिहून घ्या. नुसतं ‘ओल आहे’ लिहिलं की तो वाद पुढची पाच वर्षं चालतो.

अहवालातून टेंडर

अहवालाचं कामाच्या यादीत, म्हणजे बीओक्यूमध्ये रूपांतर करताना प्रत्येक बाबीचं एकक बघा. पॉलिमर मॉर्टर चौरस मीटरमध्ये असेल तर जाडी लिहिलेली हवी, नाहीतर १५ मिमीचं काम करून ४० मिमीचं बिल येतं. तडे भरणं रनिंग मीटरमध्ये, नवीन सळई किलोमध्ये, जॅकेटिंगचं मायक्रोकाँक्रीट घनमीटर किंवा लिटरमध्ये. ‘संपूर्ण इमारत, एकरकमी’ अशी बाब रचनात्मक कामात घेऊ नका. प्लास्टर उतरवल्यावर खराब भाग अंदाजापेक्षा वाढतोच, तेव्हा १५ ते २० टक्के रक्कम सभेत आधीच राखीव मंजूर करून ठेवा. नाहीतर काम अर्ध्यावर थांबतं, आणि फोडून ठेवलेले कॉलम पावसाळ्यात उघडे राहतात. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंडात किती आहे ते याच सभेत मांडा. सिंकिंग फंड मोठ्या दुरुस्तीला वापरता येतो, पण त्याला सर्वसाधारण सभेचा ठराव आणि आर्किटेक्टचं प्रमाणपत्र लागतं.

कामावर देखरेख करणाऱ्याने काय बघायचं? काँक्रीट फोडताना सळईच्या मागेही १५-२० मिमी मोकळं करायला हवं. नुसती पुढची बाजू उघडून गंजावर रंग फासला तर मागच्या बाजूने गंज चालू राहतो. सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायची, गंजरोधकाचे दोन हात द्यायचे, बाँडिंग कोट (जुनं-नवं जोडणारा लेप) ओलसर-चिकट असतानाच मॉर्टर भरायचं. मॉर्टर १०-१५ मिमीच्या थरांत भरतात. एका दमात ५० मिमी थापलं की ते स्वतःच्या वजनाने लोंबतं आणि आत पोकळी राहते. दुसऱ्या आठवड्यात छोट्या हातोडीने सगळीकडे ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर तेवढा चौकोन खडूने आखून पुन्हा करून घ्या, आणि तो आखलेला चौकोन बिलात दोनदा येणार नाही याकडे लक्ष ठेवा. कॉलमचं जॅकेटिंग जमिनीच्या पातळीवर थांबवलेलं चालत नाही. ते खाली पायापर्यंत कसं न्यायचं, हे इंजिनिअरकडून ड्रॉइंगवर लिहून घ्या.

मोजमाप कंत्राटदार, इंजिनिअर आणि कमिटीचा एक माणूस असं तिघांनी मिळून, प्लास्टर चढायच्या आत घ्यायचं. प्रत्येक फोटोत कॉलमचा नंबर खडूने लिहिलेला दिसायला हवा. प्लास्टर झाल्यावर आत काय केलं ते कुणालाही सिद्ध करता येत नाही.

ऑडिटची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरची धरा. पाऊस नुकताच संपलेला असतो, ओलीचे डाग ताजे असतात, आणि मे अखेरीपर्यंत कामाला सहा-सात महिने मिळतात. एप्रिलमध्ये केलेल्या ऑडिटला निम्मी गळती दिसतच नाही.

काम संपल्यावर इंजिनिअरकडून स्थैर्याचं प्रमाणपत्र, दुरुस्त केलेल्या प्रत्येक कॉलम-बीमची खूण असलेला नकाशा, मापांची वही आणि साहित्याच्या चाचण्यांचे कागद घेऊन मूळ अहवालाच्याच फाइलला लावा. पुढच्या ऑडिटरला ही फाइल द्या आणि सांगा: कॉलम ७ ची यूपीव्ही आणि हाफ-सेल त्याच जागी पुन्हा घ्या, आणि जुना आकडा शेजारच्या रकान्यात लिहा.